‘संबंध सिद्ध होत नाही’ म्हणजे काय?

(आरोग्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मला दिलेला विषय आहे, ‘लसीमुळे झालेली इजा आणि नुकसानभरपाई’. सकाळी चहाच्या वेळी तुमच्यातलीच एकजण मला म्हणाली, “ताई, हे तर डॉक्टर-वकिलांचं काम. आपण त्यात काय करणार?” मी वकील आहे हे खरं. पण या विषयात माझी वकिली जिथे हरली, तीच गोष्ट आधी सांगते. ती कोर्टात हरली नाही. कोर्टापर्यंत पोचलीच नाही. ती हरली एका केस पेपरवरच्या एका ओळीत.

एक बाई माझ्याकडे आली होती. वीटभट्टीवर काम करणारी. कडेवर दोन वर्षांचा मुलगा, पण त्याची मान धरत नव्हती. अडीच महिन्यांचा असताना अंगणवाडीत त्याला लसीचा दुसरा डोस दिला. दिवेलागणीपासून पोर किंचाळून रडायला लागलं आणि रात्री त्याला पहिला झटका आला. घरात नवरा नव्हता, सासू म्हणाली, लसीचा ताप आहे, उतरेल. दुसऱ्या दिवशी आणखी दोन झटके आले. तिसऱ्या दिवशी मुकादमाकडून उचल घेऊन तिने त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे रांग होती, डॉक्टर घाईत होते. त्यांनी विचारलं, “झटके कधीपासून?” ती म्हणाली, “लस दिली तवापासून.” डॉक्टरांनी लिहिलं, ‘ताप व झटके, एक दिवस’.

एवढीच ओळ. दोन वर्षांनी आम्ही अर्ज केले, माहितीचा अधिकार वापरला, तेव्हा उत्तर आलं की उपलब्ध माहिती अपुरी असल्याने लसीशी संबंध ठरवता येत नाही. त्या उत्तरात खोटं काहीच नव्हतं. माहिती अपुरीच होती. पण ती अपुरी कोणी ठेवली? बाईने तर सांगितली होती!

आता मी तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते. त्या मुलाचं जे झालं ते लसीमुळेच झालं, असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. मला म्हणायचंय ते वेगळं आहे. ते लसीमुळे झालं की नाही, हे शोधण्याची एक वेळ होती, आणि ती वेळ निघून गेली. ती आईने घालवली नव्हती. पण त्याची शिक्षा मात्र आईने भोगली. आजचं माझं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती आहे.

नंतर झालं म्हणून त्यामुळेच झालं का?

आपल्या चळवळीत आपण बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायला शिकलो. ते बरोबरच आहे. पण म्हणून विचार करणं थांबवायचं नाही. आपल्या देशात दरवर्षी दोन-सव्वादोन कोटी बाळं जन्माला येतात. त्यांना सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यात लसी दिल्या जातात. त्याच वयात काही बाळं ताप, न्यूमोनिया, जन्मजात दोष अशा इतर कारणांनी आजारी पडतात, दगावतातही. तेव्हा लस दिली आणि दोन दिवसांनी काही घडलं, तर ते योगायोगानेही असू शकतं. डॉक्टर हे म्हणतात तेव्हा ते आपल्याला फसवतच असतात, असं समजू नका.

पण योगायोग असू शकतो आणि योगायोगच होता, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं वाक्य म्हणजे शंका. दुसरं वाक्य म्हणजे निकाल. शंकेवरून निकालाकडे जायचं तर मध्ये तपास लागतो. आणि तपास न करता एकावरून दुसऱ्यावर उडी मारली जाते, तिथे आपण आडवं यायचं.

सरकारी पद्धत काय आहे ते बघा. लस दिल्यानंतर जे काही विपरीत घडेल त्याची नोंद व्हायला हवी, मग कारण कुठलंही असो. जिल्ह्याला, राज्याला आणि केंद्राला यासाठी समित्या आहेत. समितीपुढे कागद आले की ती प्रकरणाची वर्गवारी करते. जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेले चार गट आहेत. पहिला गट, लसीशी कारण म्हणून संबंध जुळतो. यात लसीचा स्वतःचा गुणधर्म येतो, लसीच्या दर्जातला दोष येतो, देताना झालेली चूक येते, आणि सुई टोचण्याच्या भीतीने येणारी भोवळसुद्धा येते. दुसरा गट, अनिश्चित. म्हणजे वेळ जुळते, पण ही लस असं करू शकते याचा पुरेसा शास्त्रीय पुरावा अजून नाही, किंवा पुरावे दोन्ही बाजूंनी आहेत. तिसरा गट, योगायोग. कारण दुसरंच आहे. आणि चौथा गट, वर्गवारी अशक्य. कारण माहितीच नाही.

हा चौथा गट नीट लक्षात ठेवा. गरिबाची प्रकरणं बहुतेक इथे येऊन पडतात. शवविच्छेदन झालेलं नाही, रक्त तपासलेलं नाही, पहिला झटका कधी आला ते लिहिलेलं नाही. चौथ्या गटाचा अर्थ ‘आम्हाला कळलं नाही’ एवढाच आहे. पण गावात बातमी येते ती ‘लसीचा काही संबंध नाही’ अशी. हा शब्दांचा खेळ नाही, यात एका घराचा हक्क बुडतो.

कारण उघड असेल तिथे किती पटकन कळतं याचंही उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. ३१ जानेवारी २०२१ ला यवतमाळ जिल्ह्यात बारा लहान मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुवायचं सॅनिटायझर पाजलं गेलं. मुलं सुदैवाने वाचली. तिथे कोणी कार्यकारणसंबंधाचा वाद घातला नाही, कारण बाटली समोर होती. आणि कारवाई झाली ती केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांवर. हा मुद्दा मी पुन्हा घेणार आहे. पण लसीनंतर आलेल्या झटक्याला अशी बाटली नसते. तिथे पुरावा बनवावा लागतो, आणि तो पहिल्या दोन-तीन दिवसांतच बनतो.

एका आईची साक्ष

आता तुम्हाला थोडं दूर, आयर्लंडला नेते. तिथे एक खटला झाला, बेस्ट विरुद्ध वेलकम. कायद्याच्या पुस्तकांत तो असतो, पण मला तो एका आईची गोष्ट म्हणून महत्त्वाचा वाटतो.

१९६९ साली केनेथ बेस्ट नावाच्या चार-साडेचार महिन्यांच्या बाळाला घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताची त्रिगुणी लस दिली. आईचं म्हणणं, त्याच दिवशी त्याला झटका आला आणि त्यानंतर येतच राहिले. मुलगा कायमचा मतिमंद झाला. आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. खटल्यात असं निघालं की ज्या बॅचची लस त्याला दिली होती, ती कंपनीच्या स्वतःच्या तपासणीत नीट उतरलेली नव्हती, तरी बाजारात सोडली होती. उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये कंपनीचा हा हलगर्जीपणा मान्य केला. तरीही मुलगा हरला! का? तर डॉक्टरांच्या नोंदींत झटके इतक्या लवकर सुरू झाल्याचा उल्लेख नव्हता. आई म्हणते त्या दिवशी झटका आला हे न्यायाधीशांना पटलं नाही. आणि ‘कधी’ पटलं नाही, म्हणून ‘का’ सुटलं.

म्हणजे माझ्या वीटभट्टीवरच्या बाईची आणि या आईची अडचण एकच. बाई सांगते एक, कागद सांगतो दुसरं, आणि कागद जिंकतो.

१९९२ साली आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल फिरवला. सगळा पुरावा एकत्र बघून त्यांनी आईचं म्हणणं स्वीकारलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की शास्त्रज्ञांमध्ये जो वाद चालू आहे तो मिटवणं हे न्यायाधीशाचं काम नाही. समोरच्या पुराव्यावरून या एका मुलाच्या बाबतीत अधिक शक्य काय, हे साध्या तर्काने ठरवणं हे त्याचं काम आहे. १९९३ मध्ये त्या मुलाला साडेसत्तावीस लाख आयरिश पौंड भरपाई ठरली.

ही जिंकल्याची गोष्ट इथे संपवली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पण मला पुढचंही सांगितलं पाहिजे. शेजारच्या इंग्लंडमध्ये १९८८ साली, अशाच प्रश्नावरच्या लव्हडे खटल्यात, न्यायाधीशांनी सगळं शास्त्र तपासून सांगितलं की डांग्या खोकल्याच्या लसीमुळे मेंदूला कायमची इजा होते हे सिद्ध होत नाही. आणि २००६ साली एका अभ्यासात असं दिसलं की, लसीमुळे मेंदूला इजा झाली असं समजल्या गेलेल्या चौदा जणांपैकी अकरा जणांत एका जनुकात बदल होता. त्यांना झटक्यांचा एक गंभीर आजार जन्मतःच होता. लस, ताप, त्यातून पहिला झटका, असं घडलेलं असू शकतं. पण पुढचं सगळं दुखणं त्या जनुकाचं होतं.

मग त्या आया खोटं बोलत होत्या का? मुळीच नाही. त्या सांगत होत्या तसंच घडलं होतं. ‘कधी’ हे त्यांनी अचूक सांगितलं. ‘का’ हे सांगायला त्यांच्याकडे साधन नव्हतं, आणि १९७० च्या सुमाराला ते कोणाकडेच नव्हतं. आईच्या साक्षीची जागा ही अशी आहे. ‘कधी’ आणि ‘काय’ याची सर्वांत भरवशाची साक्षीदार आई. ‘का’ याचं ओझं तिच्यावर टाकणं हा अन्याय. आणि आपणही तिच्या वतीने ‘का’ची घाई करायची नाही.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये लोकांचा या लसीवरचा विश्वास उडाला. सुमारे ऐंशी टक्के मुलांना मिळणारी लस तीस टक्क्यांच्या आसपास आली आणि डांग्या खोकल्याच्या साथी परत आल्या. त्यात पोरं गेली. म्हणून कोणी मला विचारलं की, भरपाईची भाषा केली तर लोक लसीला घाबरतील ना, तर मी उलट सांगते. माणसं भरपाईला घाबरत नाहीत, लपवालपवीला घाबरतात. ज्या घराला कोणी भेटायला आलं नाही, ज्याचं कोणी लिहून घेतलं नाही, त्या घराच्या दारावरून अफवा निघते.

भद्राचलमच्या मुली

आपल्या देशातलं उदाहरण तुमच्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल. २००९ मध्ये आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या सुमारे चोवीस हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस दिली गेली. पाथ ही अमेरिकन संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांचा तो प्रकल्प होता. त्याला औषधाची चाचणी म्हटलं नाही, ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ म्हटलं. त्यात बऱ्याच मुली आदिवासी, आश्रमशाळांत आणि वसतिगृहांत राहणाऱ्या. सात मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या. ‘समा’ या दिल्लीच्या संघटनेच्या मैत्रिणी २०१० च्या मार्चमध्ये भद्राचलमला जाऊन आल्या, महिला आरोग्य गटांनी आवाज उठवला, आणि एप्रिलमध्ये प्रकल्प थांबवला गेला.

सरकारने सांगितलं, या मृत्यूंचा लसीशी संबंध नाही. कारणं म्हणून बुडणं, सर्पदंश, कीटकनाशक पिणं, मलेरिया अशी नोंद होती. यातली काही कारणं अशी आहेत की लसीशी संबंध जोडणं अवघडच. आणि ही लस कर्करोग कमी करते, हे नंतरच्या मोठ्या अभ्यासांतून दिसलेलं आहे. तेही आपण मान्य केलं पाहिजे. तर मग आपली तक्रार काय होती?

२०१३ च्या ऑगस्टमध्ये संसदेच्या स्थायी समितीने बहात्तरावा अहवाल दिला, तो वाचा. त्यात संमतिपत्रांचा हिशेब आहे. आंध्रमधल्या ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ वर अंगठे होते आणि २,७६३ वर वसतिगृहाच्या वॉर्डननी सही केली होती. आई-बापांना पत्ताच नाही! गुजरातमधल्या ६,२१७ पैकी ३,९४४ वर अंगठे. आणि लस दिल्यानंतर काही झालं तर ते टिपून ठेवण्याची व्यवस्था फार तोकडी होती, यावरही समितीने बोट ठेवलं.

आता बघा, ज्या मुलीच्या आईला लस दिल्याचंच ठाऊक नाही, ती आई ‘लस दिल्यापासून पोरीचं पोट दुखतंय’ हे सांगणार कशी? ती लस कुठली, कधी दिली, कितवा डोस, हे तिला माहीत नाही. म्हणजे संमती घेतली नाही की फक्त एक नीतीचा प्रश्न उभा राहतो असं नाही. संमती घेतली नाही, की पुढच्या पुराव्याचा पहिला साक्षीदारच नाहीसा होतो. संमती हा पुराव्याचा पहिला कागद आहे. १९८५ साली हैदराबादजवळ पाटनचेरूला नेट-एनची इंजेक्शनं बायकांना नीट काही न सांगता द्यायला निघाले होते, तेव्हा स्त्री शक्ती संघटनेच्या मैत्रिणींनी हाच प्रश्न विचारला होता. पंचवीस वर्षांनी आपण तोच प्रश्न विचारत होतो.

कोर्टाची वाट

मग भरपाई मागायची कुठे? ग्राहक मंचात जा, असं कोणीतरी सुचवतं. पण १९९५ च्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की, जिथे सगळ्यांनाच सेवा फुकट मिळते ते दवाखाने ग्राहक कायद्याखाली येत नाहीत. अंगणवाडीतली लस फुकटच असते. म्हणजे गरिबाच्या बाळाला हे दार बहुतेक बंद.

उच्च न्यायालयात रिट करा, म्हटलं तर तिथे वादातल्या घटनांचा पुरावा घेत बसायला कोर्ट सहसा तयार नसतं. ‘कधी झटका आला’ हाच वाद असेल, तर ते म्हणणार, दिवाणी कोर्टात जा.

आणि सरकारही तेच म्हणतं. करोनाच्या लसीनंतर २०२१ मध्ये दगावलेल्या दोन तरुण मुलींच्या आई-वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्रतिज्ञापत्रात सांगितलं, की लस घेणं ऐच्छिक होतं, सरकारला जबाबदार धरता येणार नाही, आणि ज्यांना भरपाई हवी त्यांनी दिवाणी कोर्टात निष्काळजीपणाबद्दल दावा करावा.

दिवाणी कोर्टात काय सिद्ध करावं लागतं? दोन गोष्टी. एक, कोणाची तरी चूक झाली. दोन, त्या चुकीमुळेच इजा झाली. पण लसीची सगळ्यात अवघड प्रकरणं अशी असतात, की चूक कोणाचीच नसते. लस चांगली, सुई स्वच्छ, सिस्टर हुशार, तरी लाखात एखाद्या शरीराला ती सोसत नाही. जून २०२१ मध्ये केंद्राच्या समितीने करोना लसीनंतरचा एक मृत्यू लसीच्या तीव्र ॲलर्जीमुळे झाल्याचं मान्य केलं होतं. अशा मृत्यूत चूक कोणाची शोधायची? चूक नाही म्हणून भरपाई नाही, हा कुठला न्याय?

तरीही कोर्टात जावं लागलंच, तर दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवा. फौजदारी खटल्यासारखा संशयापलीकडचा पुरावा इथे लागत नाही. ‘असं झालं असण्याची शक्यता जास्त’ एवढं दाखवायचं असतं. दुसरं, २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १०९ आहे. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम १०६ होतं. एखादी गोष्ट खास ज्याच्या माहितीतली, ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर. बॅचची तपासणी, शीतसाखळीची नोंद, त्याच बॅचच्या इतर तक्रारी हे सगळं कोणाच्या ताब्यात असतं? आईच्या तर नाही! आणि कलम ११९ खाली, हातात असलेला पुरावा जो पुढे आणत नाही, तो त्याच्या विरुद्ध जाणारा असेल असं कोर्ट धरून चालू शकतं. ‘शकतं’ म्हणते, कारण ते मागावं लागतं. आणि बाईला व मुलाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिलेला आहे, उत्पन्नाची अट न ठेवता.

चूक न शोधता भरपाई

जगात पुष्कळ देशांनी दुसरी वाट काढली. इंग्लंडमध्ये रोझमेरी फॉक्स नावाच्या एका आईने १९७३ मध्ये पालकांची संघटना बांधली आणि १९७९ मध्ये तिथे कायदा झाला. चूक सिद्ध करायची गरज नाही. पण त्यात खोच आहे. इजा साठ टक्के असली पाहिजे. आधी तर ऐंशी टक्क्यांची अट होती. आणि लसीशी संबंध दाखवावा लागतोच. अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने निधी उभारला, प्रत्येक डोसवर कर बसवून. तिथे एक तक्ता आहे. अमुक लस, अमुक इजा, अमुक वेळेच्या आत. उदाहरणार्थ, तीव्र ॲलर्जी चार तासांच्या आत दिसली, तर लसीमुळे झाली असं धरून चालायचं. नाही झाली हे सरकारने दाखवायचं. भार उलटा फिरवला. तक्त्यात न बसणाऱ्यांसाठी २००५ च्या आल्थेन निकालाने तीन प्रश्न ठरवले: असं होऊ शकतं याचं वैद्यकीय स्पष्टीकरण आहे का, घटनांचा क्रम तर्काला धरून आहे का, आणि वेळ जुळते का.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे हे कसं जमायचं? मैत्रिणींनो, आपल्याकडे हे तत्त्व आधीच आहे. गाडीखाली माणूस मेला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, चूक सिद्ध न करता, पाच लाख रुपये मागता येतात. आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. नसबंदीच्या शिबिरांत बायका मरत होत्या, त्यावर आपण वर्षानुवर्षं ओरडत होतो. सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि २००५ पासून भरपाईची योजना आली. त्यात दिवस मोजतात. घरी सोडल्यापासून सात दिवसांत मृत्यू झाला तर एक रक्कम, आठ ते तीस दिवसांत झाला तर दुसरी. रकमा तुटपुंज्या आहेत, योजनेत दोष आहेत, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. पण तत्त्व बघा. लोकसंख्येसाठी बाईने शरीर पुढे केलं, तर दिवस मोजून भरपाई देता येते. मग सगळ्या समाजाला रोगापासून वाचवायला आईने बाळाचा दंड पुढे केला, तर तिथे दिवस मोजता का येऊ नयेत?

म्हणून आपली मागणी तीन वाक्यांत मांडावी असं मला वाटतं. लसीनंतरच्या ठरावीक इजा ठरावीक वेळेत झाल्या, तर संबंध आहे असं धरून भरपाई द्या. नाही म्हणायचं असेल तर सरकारने सिद्ध करावं. माहिती अपुरी असेल आणि ती गोळा करणं यंत्रणेचं काम असेल, तर अपुरेपणाचा फायदा घराला मिळावा. आणि समितीचा निष्कर्ष, कारणांसह, मराठीत, आईच्या हातात द्यावा.

आपण काय करायचं

कायदा होईल तेव्हा होईल. उद्या सकाळी तुमच्या गावात असं घडलं, तर काय?

पहिलं, त्याच दिवशी आईजवळ बसा आणि ती सांगेल ते तिच्या शब्दांत लिहा. तिच्याकडे घड्याळ नसेल, पण वेळ असते. शेवटची एसटी गेली तेव्हा, भाकरी थापत होते तेव्हा, नळाला पाणी आलं तेव्हा. तसंच लिहा, वर तारीख घाला, दोन शेजारणींच्या सह्या घ्या.

दुसरं, लसीकरणाच्या कार्डाचा फोटो काढा. लस, तारीख, आणि मिळाला तर बॅच नंबर. ती वापरलेली बाटली थंडीत जपून ठेवायला सांगा. लस तपासायची केंद्रीय प्रयोगशाळा कसौलीला आहे. बाटली फेकली गेली तर ते दार बंद.

तिसरं, दवाखान्यात आईबरोबर जा. केस पेपरवर दोन तारखा आल्याच पाहिजेत: लस कधी दिली आणि पहिला त्रास कधी झाला. डॉक्टरांशी भांडू नका, पण लिहिल्याशिवाय उठू नका.

चौथं, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. महिन्याभरात काही कळलं नाही, तर माहितीच्या अधिकारात जिल्हा समितीचा अहवाल मागा.

पाचवं, आणि हे सगळ्यात अवघड. बाळ गेलं असेल, तर शवविच्छेदनाबद्दल आईशी बोलावं लागतं. ते बोलायला हिंमत लागते. तिने नाही म्हटलं तर तिचा निर्णय मान्य करा. पण कोणीतरी तिला विचारलं पाहिजे, आणि न केल्याने पुढे काय होईल तेही सांगितलं पाहिजे. ती न विचारताच वगळली जाऊ नये.

आणि शेवटचं, सिस्टरला आणि आशाताईला एकटं पाडू नका. गावाचा राग त्यांच्यावर निघतो आणि वरचा मेमोही त्यांनाच येतो. म्हणून त्या घाबरून नोंदच करत नाहीत. नोंद करणारी बाई गुन्हेगार ठरत असेल, तर नोंद होणार कशी? त्यांनाही आपल्या बैठकीला बोलवा. पुरावा या दोन बायकांमध्ये असतो, एक टोचणारी आणि एक बाळ मांडीवर घेऊन बसलेली.

त्या वीटभट्टीच्या बाईला मी शेवटी विचारलं होतं, आता तुला काय हवंय? मला वाटलं, ती पैसे म्हणेल. पैशाची गरज तिला होतीच, पोराला घेऊन कामावर जाता येत नव्हतं. पण ती म्हणाली, “ताई, मी सांगितलं तसं त्या कागदावर लिवून द्या.”

तेवढं मी देऊ शकले नाही. तुम्ही द्या.